हिराबाईंचं खाचर आणि माझा शहाणपणा

याच प्रवासावर मी आधी एक लेख लिहिला होता. 'तणाविना भात' असं त्याचं नाव. शेतीवरच्या एका लहानशा मासिकात मी तेव्हा अधूनमधून लिहीत असे, आणि तो लेख आपल्याला फार चांगला जमलाय असं माझं मत होतं. त्यात पाऊस होता, डोंगर होते, तांदळाच्या वासाचं वर्णन होतं. खरं काय घडलं तेवढं नव्हतं. तो लेख छापायच्या आत मी परत मागवून घेतला. मधे बरीच वर्षं गेली, म्हणून आता हा दुसरा लिहितोय. ज्यांनी आंबेगाव तालुक्याचा पश्चिमेकडचा मुलूख पाहिलेला नाही त्यांना तो थोडाफार दिसेल, पण मी मात्र त्यात चांगला दिसणार नाही. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वाचून कुणी तिथं गेलंच आणि माझी ओळख सांगितली, तर त्याला चहा नक्की मिळेल, पण इकडे पुण्यात बसून मला तोंड लपवावं लागेल.

मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. मातीशी माझा संबंध गच्चीतल्या आठ कुंड्यांपुरता. पण मासिकात नाव छापून यायला लागल्यापासून आपल्याला शेतीतलं बरंच कळतं, असा माझा समज झाला होता.

राजुरी

कॉलेजात माझ्या खोलीवर राहणारा वसंता राजुरीचा. कांदे, बाजरी, चार गाई असा त्याचा पसारा. आषाढात दोन दिवसांची रजा काढून मी त्याच्याकडे निघालो. आळेफाट्याला उतरलो तर गॅरेजांपुढच्या टायरांच्या ढिगाला टेकून तो उभाच होता. मोटारसायकलवर मागे बसवून त्यानं मला घरी नेलं आणि संध्याकाळी त्याच्या बायकोनं मासवडी केली. मासवडीत मासा नसतो हे मला माहीत होतं, तरी दरवेळी ती मला मुद्दाम सांगते आणि हसते.

शेवटी भात वाढला. झाकण काढल्याबरोबर घरभर वास पसरला. वसंता म्हणाला, हा रायभोग. डिंभे धरणाच्या पलीकडे हिराबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडचा. दरवर्षी वसंता इकडून त्यांना कांदे आणि बाजरी नेऊन देतो आणि तिकडून तांदूळ आणतो. मग बोलता बोलता त्यानं सांगितलं, की यंदा या बाई म्हणतायत, घराखालच्या खाचरात बेणणी करायचीच नाही. बेणणी म्हणजे चिखलात दिवसभर वाकून हातानं तण उपटणं. भाताला पाण्याइतकीच तीही चुकत नाही.

मी लगेच वही काढली. वसंताच्या बायकोला त्याचंही हसू आलं.

सकाळी निघालो. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं असतात हे नकाशावर कळत नाही. राजुरीत ढग नुसते डोक्यावरून पुढे जात होते आणि बाजरी पावसाची वाट पाहत होती. नारायणगावच्या अलीकडे खोडदच्या अंगाला रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडे बघत उभ्या होत्या. मंचरला भुरभुर सुरू झाली, घोडेगाव सोडल्यावर धड दिसेना. धरणाच्या कडेनं जाताना गाडीची चेन उतरली. वसंता खाली बसून ती चढवत होता आणि मी त्याच्यावर छत्री धरून ती कशी चढवावी ते सांगत होतो. मला गाडी चालवता येत नाही. एवढ्यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

धरणाच्या पलीकडे

हिराबाई चाळिशीच्या, काटक. नवरा मंचरला एका हॉटेलात कामाला, सणावारी येणारा. घरात त्या, म्हातारी सासू आणि एक म्हैस. वसंतानं माझी ओळख करून देताना हात सैल सोडला. हे शाळेत शिकवतात, शेतीवर लिहितात, तुमचं खाचर बघायला खास पुण्याहून आलेत, असं सगळं. हिराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या क्षणापासून मी 'गुरुजी' झालो. सासूबाईंनी शेजारच्या पोरीला हाक मारून तेच परत सांगितलं. पाणवठ्यावर आधीच बातमी गेलेली होती असं कळलं.

हिराबाई म्हणाल्या, आधी जेवा, मग मी शेत दाखवते. त्या भाकरी थापायला बसल्या. वसंता तांदळाचं पोतं गाडीला बांधायला लागला. मला काही दम निघेना. घराखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली खाचरं दिसत होती. मी छत्री उघडली आणि एकटाच उतरलो.

पहिलंच खाचर त्यांचं. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, होऊन दहाबारा दिवस झाले असावेत. रोपं हाताएवढी. आणि पाणी काळं. वर तांबूस साय धरलेली, मधूनच बुडबुडे येत होते, आणि वास असा की मी रुमाल काढला. बाकीच्या खाचरांत पाणी निवळशंख, या एकाच खाचरात गटार. काही रोपांचे शेंडे जरा पिवळे दिसले. माझ्या डोक्यात नववीचा धडा सुरू झाला. कुजणारं पाणी, त्यात हवा नाही, मुळांना श्वास नाही, म्हणजे रोपं मरणार. यातलं अर्धं बरोबर होतं, पण उरलेलं अर्धं मला ठाऊकच नव्हतं.

बांधाला पाणी सोडायची मोरी होती. एक चपटा दगड आणि त्यावर गवताचं ढेकूळ. मी बाही वर सारली, ढेकूळ काढलं, दगड बाजूला केला. काळं पाणी भळाभळा खालच्या खाचरात पडायला लागलं. वरच्या ओहळाचं स्वच्छ पाणी आता आपोआप भरेल असा माझा हिशेब. इतकं साधं यांच्या कसं लक्षात आलं नाही, असंही मनात आलं. खरं सांगायचं तर मी तिथं उभा राहून लेखाचा शेवट मनात जुळवत होतो. पाहुण्यानं वेळेवर पाहिलं म्हणून भात वाचला, अशा धर्तीचा. तेवढ्यात वरून जेवायला हाक आली.

तांदळाची भाकरी, खेकड्याचं कालवण आणि कुरडूची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला पंखा लावून एकट्याला खोलीत बसवतात. इथं मी चुलीपुढे बसलो आणि सगळं घर माझ्याभोवती बसलं. हिराबाई वाढत होत्या आणि सांगत होत्या. दोन वर्षांपूर्वी गिरणीतून आणलेलं कोंड्याचं पोतं बांधावर फाटलं आणि सगळा कोंडा खाचराच्या एका कोपऱ्यात सांडला. सासू चिडली, कारण तो म्हशीचा खुराक. पण त्या कोपऱ्यात त्या वर्षी तण उगवलंच नाही. हिराबाईंनी ते लक्षात ठेवलं. यंदा आवणीच्या आधी टाकळा आणि गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलात पायांनी तुडवला, तो कुजेपर्यंत आठवडाभर थांबल्या, कारण घाई केली तर भातच पिवळा पडतो. मग रोपं लावली आणि वरून कोंडा हातानं शिंपला.

आणि हे सगळं कशासाठी, तर सावडीसाठी. त्या गावात भाताची कामं सावडीनं होतात. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ज्या घरात चार माणसं आहेत त्यांचं फिटतं. हिराबाई एकट्या. त्यांच्या खाचरात एक दिवस चार माणसं राबली की यांना चार दिवस दुसऱ्यांकडे राबावं लागतं, आणि तोवर त्यांची बाकीची खाचरं तणानं भरतात. दरवर्षी त्यांचाच भात सगळ्यांच्या मागून येतो. बेणणी वाचली तर त्या पहिल्यांदा कुणाच्या देण्यात राहणार नव्हत्या. गावात लोक हसले होते, घाण करून ठेवलीस म्हणाले होते. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की श्रावणात येऊन बघा.

"त्या काळ्या पाण्यातच समदं हाय गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्येच्याखाली तणाचं बी उगवत न्हाई. भाताचा शेंडा वर आसतो, त्येला काय हुत न्हाई. फकस्त महिनाभर त्ये पाणी जागचं हलाया नको."

माझ्या हातात घास होता.

या क्षणावर मी नंतर इतक्या वेळा गेलोय, की आता तो मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. पाणी अजून वाहत होतं. उठून चार ढांगा टाकल्या असत्या तर अर्धंअधिक वाचलं असतं. नुसतं म्हणायचं होतं, की बाई, माझ्याकडून चूक झाली, पळा. वसंता समोर होता. सासू मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी मासिकात लिहिणारा, पुण्याचा, गुरुजी. मला लाज वाटली, आणि ती लाज लपवण्यासाठी मी त्याहून लाजिरवाणं काम केलं. मी म्हणालो, "वा, फारच छान." हिराबाईंनी आणखी एक भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.

हात धुवायच्या निमित्तानं खाली गेलो तेव्हा खाचरात नुसता चिखल उरला होता. कोंड्याचा लगदा मोरीपाशी साचला होता, बराचसा खाली वाहून गेला होता. मी दगड बसवला, वर ढेकूळ दाबलं, पाय धुतले आणि वर आलो. वसंताला गाईंच्या संध्याकाळच्या धारांना पोचायचं होतं, तो गाडी सुरू करून उभा. हिराबाई म्हणाल्या, शेत बघायचं तर राहूनच गेलं.

"मी मघाशीच पाहून आलो," मी म्हणालो. "उत्तम आहे."

राजुरीपर्यंत वसंता मागे वळून दोनदा म्हणाला, आज तू गप्प का? मी म्हणालो, भाकरी जास्त झाली.

पुन्हा, श्रावणात

माणूस स्वतःची समजूत फार लवकर काढतो. पुण्याला आल्यावर आठ दिवसांत माझं ठरून गेलं, की पाऊस पडला असेल, खाचर भरलं असेल, फारसं काही झालं नसेल. मी लेख लिहिला. खाचराच्या काळ्या पाण्याचं वर्णनही केलं, जणू ते तसंच तिथं उभं आहे. संपादकांना तो आवडला. ते म्हणाले, फक्त एक फोटो हवा.

म्हणून कॅमेरा घेऊन मी गेलो. या वेळी एकटा. घोडेगावपर्यंत एसटीनं आणि पुढे माणसं लोंबकळत असलेल्या जीपमधून. रस्त्याच्या कडेनं तेरडा फुललेला, उतारावरून ओहळ, आणि खाचरं हिरवीगार. जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की आषाढाच्या शेवटी पावसानं आठवडाभर उघडीप दिली होती, चांगलं ऊन पडलं होतं. मला तिथंच उतरून परत जावंसं वाटलं.

हिराबाई खाचरातच होत्या. गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून तण उपटत होत्या, एकट्या. भात आणि तण यांची उंची एकच झाली होती. मला पाहून त्या सरळ झाल्या, हात पाठीमागे नेले, आणि त्यांचा चेहरा पडला. माझ्यासमोर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

"तुमी एवढ्या लांबनं आलात गुरुजी," त्या म्हणाल्या, "आन् दाखवाया काय न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मी गेलो त्याच्या दुसऱ्या सकाळी खाचरातलं काळं पाणी गेलेलं. आधी त्यांना वाटलं खेकड्यानं बांध पोखरला असेल. पण मोरीचा दगड उलटा बसवलेला होता आणि ढेकळाचं गवत खालच्या बाजूला. खेकडा दगड परत लावत नाही. पाणी आणि कोंडा सगळा खालच्या खाचरात गेलेला, आणि खालचं खाचर भागुजीचं. भागुजी त्यांचा चुलत दीर. आवणीच्या वेळी या घाणीला सगळ्यांत जास्त हसला होता तो. हिराबाईंनी देवळापुढे, चार माणसांत, त्याला चोर म्हटलं. तो एक शब्द बोलला नाही. बोलला नाही म्हणजे त्यानंच केलं, अशी त्यांची खात्री झाली. त्या दिवसापासून भागुजीच्या घरची माणसं यांच्याकडे येत नाहीत, आणि त्यांच्या बाजूची आणखी दोन घरंही येत नाहीत. सावड मोडली. घराखालचं खाचर तर गेलंच, बाकीची चारही आता त्यांनी एकटीनंच बेणायची.

जरा जाऊन येतो म्हणालो आणि वर भागुजीचं घर विचारत गेलो. हिराबाईंना सोडून आधी त्याच्याकडे का गेलो? कारण ते सोपं वाटलं. ज्या बाईचं अन्न खाल्लं तिच्यासमोर उभं राहण्यापेक्षा अनोळखी माणसाच्या शिव्या खाणं बरं वाटलं.

भागुजी पन्नाशीचा, पडवीत दोरी वळत बसलेला. मी सुरुवात केली, की त्या दिवशी हिराबाईंच्या खाचराची मोरी... त्यानं हात थांबवला नाही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "मी वरच्या रानात म्हशीमागं व्हतो. तुमी बाही सारली त्ये बी बघितलं."

मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी बसलो. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं विचारलं. सगळ्या गावासमोर चोर म्हणवून घेतलं, आणि केलं कुणी ते तर माहीत होतं.

त्यानं दोरीचं टोक दाताखाली धरून गाठ मारली. मग म्हणाला, "पुण्याचं गुरुजी माझं शेत बघाया आलं, आसं वहिनीनं समद्या गावाला सांगितलेलं. तिचं शेत बघाया आजवर कोन आलं व्हतं? तुमचं नाव घेतलं आसतं, तर तिचं काय राह्यलं आसतं, पावणं?"

आमच्या पुण्याच्या इमारतीत गच्चीवरची टाकी भरून वाहिली, तर ज्यानं नळ बंद केला नाही त्याचं नाव संध्याकाळच्या आत फळ्यावर लागतं. मीच एकदा लावलंय. आणि हा माणूस महिनाभर चोर म्हणून गावात फिरत होता, तेही त्याला चोर म्हणणाऱ्या भावजयीचाच मान राहावा म्हणून. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण तेही माझ्याच समाधानासाठी झालं असतं, म्हणून पडलो नाही. मी सांगतो जाऊन, म्हणालो. तो म्हणाला, तुमची मर्जी.

बांधावर उभं राहून मी हिराबाईंना सगळं सांगितलं. मोरी मी उघडली, दगड मीच उलटा बसवला, भागुजींनी पाहिलं होतं, आणि ते का बोलले नाहीत, तेही. मला वाटलं त्या ओरडतील. मी त्याची वाट पाहत होतो म्हणा ना. त्यांनी हातातलं तण बांधावर टाकलं आणि एकच विचारलं.

"मी त्या पाण्याचं सांगत व्हते, तवा तुमाला ठावं व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ओहळात हातपाय धुतले, पदर खोचला आणि उतार चढून गेल्या. भागुजीच्या अंगणात त्या उभ्या राहिलेल्या मला खालून दिसत होत्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही एवढं खरं. थोड्या वेळानं त्या परत आल्या, त्यांच्यामागे भागुजी आणि त्याच्या दोन सुना. कुणी माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. खरं तर कुणी पाहिलंच नाही. चौघंही खाचरात उतरली आणि वाकली.

मी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि बांधावरून एक पाय चिखलात घातला. हिराबाईंनी मान वर केली.

"तुमी वरच बसा गुरुजी," त्या म्हणाल्या. "भात कुठला न् गवत कुठलं, तुमाला वळखाया यायचं न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. ताटातला काटा काढून द्यावा तितक्या सहज त्या बोलल्या. मी पाय बाहेर काढला. परतीची जीप संध्याकाळी होती, तोवर मी बांधावर बसून राहिलो आणि माझ्यामुळे वाढलेलं काम ती चार माणसं करताना पाहिलं.